मोतीबिंदू पिकायची वाट बघू नका: कधी दाखवायचं, काय विचारायचं, नंतर काय सांभाळायचं

बेळगावात माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळं मोतीबिंदूवाली माणसं डॉक्टरच्या आधी बऱ्याचदा आमच्याकडंच येतात. "अंधुक दिसालंय, नंबर वाढलाय काय बघ जरा" म्हणून बसतात, मी एकामागं एक काच बदलून बघतो, खरं तक्त्यावरच्या खालच्या ओळी काही केल्या येत नाहीत. अशा माणसाला नवीन चष्मा विकणं मला पटत नाही, कारण काच कितीही भारी घातली तरी आतलं भिंगच धुरकट असेल तर काय उपयोग. मी डॉक्टर नव्हे, तपासून सांगायचं काम डॉक्टरचंच. खरं डॉक्टरकडं जायच्या आधी काय माहीत पाहिजे, तिथं काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय सांभाळायचं हे आमच्या भागातल्या लोकांना कुणीतरी नीट बसून सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहितोय.

आधी होतं काय ते बघू. आपल्या डोळ्याच्या बाहुलीच्या मागं एक नैसर्गिक लेन्स असते, पाणी आणि प्रोटीनची, एकदम पारदर्शक. वय वाढेल तसं त्यातलं प्रोटीन गोळा व्हायला लागतं आणि लेन्स गढूळ होते, अंडं उकडलं की आतला पारदर्शक भाग पांढरा होतो तसं समजा. आणि उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही, तसाच मोतीबिंदू पण मागं फिरत नाही. बाहेरून डोळ्यावर पडदा येतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नव्हे, जे काय होतं ते आत लेन्समधे होतं. वय हे मोठं कारण. त्याच्या जोडीला शुगर, तंबाखू-बिडी, जन्मभर उन्हात काम, डोळ्याला लागलेला मार (उसाचं पात लागलं, लाकडाचा तुकडा उडाला, तरुणपणी बॉल लागला), आणि स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा ड्रॉप्स बरेच महिने चालू असणं. दम्यासाठी, संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि शुगरवाल्यांना पन्नाशीच्या आधी पण होऊ शकतो, त्यामुळं "मी काय म्हातारा झालो काय" म्हणून टाळू नका. लहान बाळांना पण जन्मतः असू शकतो, बाळाच्या बाहुलीत पांढरं दिसलं तर मोठं झाल्यावर बघू म्हणायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं, कारण बाळाची नजर त्या वयातच तयार होत असते.

लक्षणं कशी ओळखायची? मोतीबिंदू दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही, हळूहळू येतो, म्हणून माणूस सवय करून घेतो. आज्जी तांदूळ निवडताना खडे सोडायला लागते, आणि घरचे म्हणतात लक्ष नाही हिचं. आबांना संध्याकाळी समोरच्या गाडीचा लाईट फुटल्यागत दिसतो, चिक्कोडी-निपाणीकडं ऊसतोडीच्या दिवसात रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, तिथं अशा नजरेनं मोटरसायकल चालवणं जिवावरचं काम आहे. रंग पिवळट, मळकट वाटतात. सहा-आठ महिन्यांत नंबर बदलतो. एका डोळ्यानं बघितलं तरी चंद्र दोन-तीन दिसतात. आणि काही जणांना उलटंच होतं, जवळचा चष्मा लागत होता तो सुटतो, बिनचष्म्याचं वाचता येतं, आणि सगळ्या गल्लीत सांगत सुटतात की नजर सुधारली! ती सुधारलेली नसते, लेन्सचा मधला भाग घट्ट होतोय त्यामुळं नंबर सरकलेला असतो, काही महिन्यांनी तेही जातं. शुगरवाल्यांना आणि स्टेरॉइडवाल्यांना जो प्रकार जास्त होतो तो लेन्सच्या मागच्या बाजूला होतो, तो भराभर वाढतो आणि उन्हात गेलं की नजर एकदम कमी होते, घरात बरं दिसतं. घरी बघायचं असेल तर एक डोळा हातानं झाकून कॅलेंडर बघायला सांगा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे ठेवले की चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून नेतो आणि काही कळतच नाही.

आता मुख्य गोष्ट. "अजून पिकला नाही, पिकला की काढूया." हे वाक्य आमच्याकडं इतकं घट्ट बसलंय की शिकलेली पोरं पण आईवडिलांना तेच सांगतात. पूर्वी त्याला कारण होतं, जुन्या पद्धतीत अख्खी लेन्स बाहेर काढायची, ती कडक झालेली असली की सोपं जायचं, आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा लावून फिरायचं, म्हणून जितकं लांबवता येईल तितकं लांबवायचे. आताच्या पद्धतीत ते उलटं आहे. जास्त पिकलेला मोतीबिंदू फोडायला जास्त जोर लागतो, बुबुळाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला) सूज येते, बरं व्हायला वेळ लागतो. आणि अगदीच पिकून फुगला किंवा आतून गळायला लागला तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, डोळा लाल होऊन भयंकर दुखतो, डोकं दुखून उलटी होते, आणि मागची नस खराब झाली की मग ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी नजर येत नाही. मग करायचं कधी? तुमचं रोजचं काम अडायला लागलं की. शिवण, माग, गाडी, पोथी वाचणं, बसचा बोर्ड, पायरी, जे तुमचं असेल ते. काम अडत नसेल आणि डॉक्टर म्हणाले थांबू शकता, तर थांबा की, घाई नाही, खरं दर सहा महिन्यांनी दाखवत रहा. सीझनचं पण तसंच, "थंडीत करूया" म्हणून खानापूरकडची माणसं जूनपासून डिसेंबरपर्यंत बसून राहतात. वर्षात कधीही केलं तरी चालतं. मुसळधार पावसात खेड्यातून तपासणीला येणं-जाणं जमणार नसेल तर तेवढ्यापुरतं पुढं ढकला, ते समजण्यासारखं आहे.

ड्रॉप्सनं विरघळतो काय असं रोज कोणतरी विचारतंय. नाही. आजच्या घडीला मोतीबिंदू घालवणारा कुठलाही ड्रॉप, गोळी, काढा नाही. मध, कांद्याचा रस, एरंडेल, कुठल्यातरी झाडाचा चीक डोळ्यात घालणं तर अजिबात नको, बुबुळावर जखम होऊन फूल पडलं की साधं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. आणि मेडिकलमधून "लाल झालाय, काहीतरी दे" म्हणून ड्रॉप आणता ना, त्यात स्टेरॉइड असू शकतं, ते महिनोन्‌महिने घातलं तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही ओढवून घ्याल. काचबिंदू वेगळा बरं का, त्यात डोळ्यामागची नस खराब होते. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगा.

दाखवायचं कुठं? आमच्या सीमाभागाची गंमत अशी की अथणी-चिक्कोडीची माणसं मिरज-सांगलीला जातात, निपाणीची कोल्हापूरला, खानापूरची बेळगावला. सगळीकडं चांगले डोळ्याचे डॉक्टर आहेत. खरं एक विचार करा, ऑपरेशन एकदाच असतं, तपासणीला दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं जावं लागतं. आणि डोळा रात्री दुखायला लागला तर तासा-दीड तासात पोचता येईल असं ठिकाण असलेलं बरं. नाव मोठं म्हणून लांब जाण्यात अर्थ नाही. फुकट करायचं असेल तर सरकारी दवाखान्याला कमी समजू नका. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं, बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजचं जिल्हा रुग्णालय आहे, कर्नाटक सरकारची आशाकिरण योजना आहे, त्यात आशाताई घरी येऊन डोळ्याचं विचारायला लागल्या तर "आम्हाला काही नाही" म्हणून दार लावू नका. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड असेल तर रेशनकार्ड, आधार सोबत न्या. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मधे सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, तुमचं गाव त्यात असेल आणि कोल्हापूर-मिरजेला करणार असाल तर निघायच्या आधी त्या हॉस्पिटलला फोन करून मोतीबिंदू त्यात बसतो काय, कुठली कागदपत्रं पाहिजेत, हे विचारून घ्या, उगाच म्हाताऱ्या माणसाची फेरी नको.

शिबिराचं पण सांगतो. शिबिरात तपासणी करून घेणं चांगलंच, खरं ऑपरेशन कुठल्या हॉस्पिटलच्या थिएटरमधे होणार आणि नंतर त्रास झाला तर कुणाला गाठायचं, हे दोन प्रश्न आधी विचारा. सरळ उत्तर मिळालं तर जा.

आणि संमतीचा फॉर्म. तो बऱ्याचदा कन्नडमधे नाहीतर इंग्लिशमधे असतो, आणि आमची आज्जी तिथं फुली दाखवली तिथं अंगठा लावून सोडते. असं करू नका. "सिस्टर, जरा मराठीत सांगा की" म्हटलं तर बेळगावात सांगणारं माणूस मिळतंच. कुठल्या डोळ्याचं, कुठल्या पद्धतीनं, कुठली लेन्स, आणि धोका काय, एवढं समजून मगच सही.

तपासणीत बाहुली मोठी करायचा ड्रॉप घालतात, त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून स्वतः गाडी मारत जायचं नाही, सोबत कोणतरी पाहिजे. डोळ्याचं प्रेशर बघतात, डोळ्याच्या आतला मागचा पडदा (ज्यावर चित्र उमटतं तो) बघतात. मोतीबिंदू इतका दाट असेल की पडदा दिसतच नाही तर सोनोग्राफी करतात. पडद्याचं एवढं महत्त्व का, तर शुगरनं पडदा खराब झाला असेल तर मोतीबिंदू काढूनही नजर पुरती येणार नाही, आणि हे आधी कळलेलं बरं, नाहीतर नंतर डॉक्टरवर राग. मग बायोमेट्री, म्हणजे डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा मोजून आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढतात. रक्त, शुगर, बीपी, ईसीजी बघतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, ही गोष्ट साधी वाटते खरं फार कामाची आहे. विशेष करून लघवीच्या त्रासाची, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन गोळी घेत असाल तर सर्जनला नक्की सांगा, त्या गोळीनं बाहुली नीट मोठी होत नाही आणि ऑपरेशनमधे बुबुळामागचा रंगीत पडदा लुळा पडतो. आधीच कळलं तर ते तयारी ठेवतात. गोळी पूर्वी घेऊन बंद केली असली तरी सांगा. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हार्टच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय.

लेन्स कुठली, इथं सगळ्यात जास्त गोंधळ. आधी एक भीती काढून टाकतो, "परकी वस्तू डोळ्यात बसते काय?" दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या खिडकीच्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते आणि तरी डोळा त्यांना नाकारत नव्हता, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडली या डॉक्टरनं बघितलं आणि १९४९ मधे पहिली कृत्रिम लेन्स बसवली. पुढं १९६७ मधे अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाऊंडनं मोतीबिंदू फोडायची फेको पद्धत आणली. आज या दोन्ही गोष्टी मिळूनच काम चालतं. लेन्स जन्मभर राहते, बदलावी लागत नाही.

पद्धती दोन मुख्य. फेकोमधे दोन-तीन मिलीमीटरच्या छेदातून अल्ट्रासाऊंडनं मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स घालतात. दुसरी एसआयसीएस, सहा-सात मिलीमीटरचा छेद, मशीनशिवाय, आणि तोही बहुतेक वेळा टाक्याशिवाय मिटतो. सरकारीत, शिबिरात ही जास्त होते. खूप पिकलेल्या मोतीबिंदूला ही पद्धत चांगलीच आहे, हात बसलेल्या सर्जनकडं निकाल उत्तम येतो, "फुकटचं म्हणून हलकं" असं मनात आणू नका. फेकोला लोक "लेझर" म्हणतात, खरं तो अल्ट्रासाऊंड आहे. खरी लेझरवाली पद्धत वेगळी आणि महाग, आणि ती घेतली नाही म्हणून काही बिघडत नाही.

लेन्समधे साधी मोनोफोकल म्हणजे एका अंतराचं स्वच्छ दिसणार, बहुतेक लांबचं ठेवतात, वाचायला जवळचा चष्मा लागणार. मल्टिफोकलमधे लांबचं-जवळचं दोन्ही जमवायचा प्रयत्न असतो, खरं रात्री दिव्याभोवती वलयं दिसू शकतात आणि मंद उजेडात थोडं फिकं दिसतं. रात्री ट्रक चालवणारा, पडद्याला शुगर लागलेला, काचबिंदूवाला, अशांनी ती घ्यायच्या आधी दहादा विचारावं. बुबुळाचा सिलिंडर नंबर (गोलवा सगळीकडून सारखा नसल्यानं येणारा) जास्त असेल तर तो भरून काढणाऱ्या टॉरिक लेन्सनं फायदा होतो. माझं मत विचाराल तर पैशाची ओढाताण करून, सोनं गहाण ठेवून भारी लेन्स घ्यायची गरज नाही, साध्या मोनोफोकलनं माणूस मस्त बघतो. त्यापेक्षा डॉक्टरला तुमचं काम सांगा. बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात मागावर बसणाऱ्या काकांना तुटलेला धागा जोडायचा असतो, हाताच्या अंतरावरचं काम. शेतकऱ्याला बांधापलीकडचं बघायचं असतं. दोघांना एकच नंबर बसवून कसं चालेल? मागवाल्यानं "मला जवळचं बिनचष्म्याचं पाहिजे, लांबला चष्मा लावीन" असं म्हटलं तर तसा नंबर धरता येतो, खरं हे बायोमेट्रीच्या वेळी बोलायला पाहिजे, ऑपरेशन झाल्यावर नव्हे. पॅकेजमधे काय-काय आलं, ड्रॉप्स, तपासण्या, नंतरच्या फेऱ्या, हे पण तिथंच विचारा.

ऑपरेशनचं फार टेन्शन घेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं, जागेपणी, ड्रॉपनं नाहीतर डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन बधीर करतात, बहुतेक त्याच दिवशी घरी सोडतात. डोक्यावरून आंघोळ आदल्या दिवशी करून घ्या. काजळ-पावडर नको, आणि खोकला येत असेल तर आधीच सांगा, कारण तिथं न हलता झोपावं लागतं. दोन्ही डोळ्यांचं असेल तर साधारण एक झालं की काही आठवड्यांनी दुसरं.

खरं काम घरी आल्यावर सुरू होतं, आणि आमच्याकडं गडबड होते ती इथंच. ड्रॉप्स साधारण महिना-दीड महिना चालतात. अँटिबायोटिक लवकर बंद होतो, स्टेरॉइडवाला हळूहळू कमी करायचा असतो, बरेच डॉक्टर पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार असं उतरतं लिहून देतात. "आता छान दिसालंय, कशाला घालायचा" म्हणून मधेच सोडला की आत सूज येते. आणि संपल्यावर परत बाटली आणून आपल्या मनानं चालू ठेवला तर प्रेशर वाढतं. जे लिहिलंय तेच.

घालायची रीत: साबणानं हात धुवा, पेशंटला झोपवा किंवा मान मागं टाकून बसवा, वर बघायला सांगा, खालची पापणी बोटानं हळू खाली ओढा, तिथं जी खोबण होते त्यात एकच थेंब. बाटलीचं टोक पापणीला, केसाला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटायचा, आवळायचा नाही, आणि नाकाकडचा कोपरा बोटानं मिनिटभर हलकाच दाबून धरायचा. दुसरा ड्रॉप पाच मिनिटांनी, लगेच घातला तर पहिला वाहून जातो. दुधाळ ड्रॉप असेल तर हलवून घ्या. वाचता न येणाऱ्या आज्जीसाठी बाटल्यांना वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवा, लाल दोरावाली चार वेळा, पिवळी दोन वेळा. आमच्या दुकानात येणाऱ्या एका सुनेनं हे केलं होतं, आणि सासूबाई स्वतःच "लालची वेळ झाली" म्हणून हाक मारायच्या.

पाणी डोळ्यात जायचं नाही, गळ्याखाली आंघोळ, चेहरा ओल्या फडक्यानं पुसायचा, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. रात्री प्लास्टिकची वाटी चिकटवून झोपायचं, झोपेत चोळलं जातं म्हणून. जड उचलणं, घागर, गवताचा भारा, खाली वाकून भात लावणं महिनाभर बंद. चुलीचा धूर, तंबाखूची धूळ यापासून लांब राहायचं (निपाणीकडच्या बायकांना हे सांगायलाच पाहिजे, वखारीत लगेच कामाला जाऊ नका). आणि यात्रा! सौंदत्तीला यल्लम्माला, चिंचलीला मायाक्काला भंडारा उधळतात, जोतिबाला गुलाल, ऑपरेशन झालेल्या माणसानं महिना-दीड महिना त्या गर्दीत जायचं नाही. देवी समजून घेते, पुढच्या पौर्णिमेला जावा. टीव्ही बघितला, मोबाईल बघितला तर काही होत नाही. भात खाऊ नये, आंबट खाऊ नये, हे पण काही नाही, शुगर सांभाळून सगळं खावा.

आता हे मात्र पाठ करून ठेवा. ऑपरेशननंतर, विशेषतः पहिल्या आठवड्यात, डोळा वाढत-वाढत दुखायला लागला, लालभडक झाला, पापणी सुजली, पू आला, किंवा काल दिसत होतं आणि आज कमी दिसतंय, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. आत इन्फेक्शन असू शकतं, असं फार क्वचित होतं, खरं झालं तर तासांचा हिशोब असतो. वीज चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके अचानक भरपूर येणं, एका बाजूनं पडदा ओढल्यागत वाटणं, हे पडदा सुटल्याचं लक्षण, यालाही त्याच दिवशी धावायचं. थोडं टोचणं, थोडं पाणी, उजेड सहन न होणं, रंग एकदम निळसर-झगझगीत दिसणं, हे पहिल्या दिवसांत असतंच, त्याला घाबरू नका.

चष्म्याचा नंबर डोळा स्थिर झाल्यावर, साधारण चार-सहा आठवड्यांनी काढायचा. पहिल्या आठवड्यातच नवीन चष्म्याला येणारे असतात, मी परत पाठवतो, पैसे वाया जातील म्हणून. आणि काही महिन्यांनी, वर्षांनी परत धुरकट वाटायला लागलं तर "मोतीबिंदू परत आला" म्हणून घाबरायचं नाही, तो परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत बसवलेली असते तिचा मागचा पापुद्रा गढूळ होतो, याग लेझरनं ओपीडीतच काही मिनिटांत साफ करतात, कापाकापी नाही. तेव्हा आणि दुसऱ्या डोळ्याच्या वेळी जुने कागद लागतात, म्हणून डिस्चार्ज कार्ड आणि लेन्सचा नंबर असलेलं स्टिकर रेशनकार्डाच्या पिशवीतच घालून ठेवा, आणि घरच्या कुणाच्यातरी मोबाईलमधे फोटो काढून ठेवा.